भुरीचा कोपरा

सशाचा वास ज्याला ठाऊक नाही, त्यालाच ससा गोड वाटतो. माझ्या नातीनं गेल्या वर्षी वाढदिवसाला ससा मागितला, आणि मुलानं सांगलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो आणलासुद्धा. पांढरा, गुबगुबीत, कानाच्या आत गुलाबी. शेजारच्या बायका त्याला मांडीवर घेऊन फोटो काढून गेल्या. मी दुसऱ्या खोलीत खिडकी उघडून बसले. आठवड्याभरात त्यानं सोफ्याची गादी उकरली, नातीच्या पलंगावरची चादर उकरली, आणि उकरायला काही उरलं नाही तेव्हा गुळगुळीत फरशीच उकरत बसला. त्या फरशीत काय जाणार त्याची नखं? पण तो खर्र खर्र करत राहिला, आणि तो आवाज कानावर पडला की मी उठून खोलीचं दार लावून घ्यायची. नातीनं विचारलं, "आजी, हा असं का करतो गं?" मी म्हणाले, "त्याला विचार." उत्तर मला येत होतं. पण ते सांगायचं तर पुष्कळच सांगावं लागलं असतं, म्हणून ते इथं लिहिते.

आमचं गाव कोरेगावच्या अलीकडं. घर मातीच्या विटांचं, वर पत्रा. पुढं सोपा, मधे माजघर, त्यालाच लागून चूल, आणि मागं एक लांबट अंधारी खोली. त्या खोलीत जळण, शेणी, मोडका नांगर आणि घेवड्याची पोती. घरात माणसं चार. वडील, त्यांना मी नाना म्हणायची. आई. मी. आणि नानांची थोरली बहीण, आत्या. आत्याचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेला, तेव्हापासून ती आमच्याकडंच. नाना पलटणीत, वर्षातून एकदा सुट्टीवर येणार. त्यामुळं घर चालायचं ते आत्याच्या शब्दावर. तिला सगळ्या गोष्टींची किळस होती. चिकटलेल्या भाताची, ओल्या फडक्याची, दुसऱ्याच्या ताटाची, केसांच्या गुंतवळाची. ती तांब्या घासायची तो राख संपेपर्यंत. माजघराची जमीन आईनं रोज सारवायची आणि आत्यानं वाकून तिच्यावर तळहात फिरवून बघायचा, खडा लागला की परत. मीही तिच्याच वळणावर गेले. आई भाकरी थापताना तिच्या कपाळाचा घाम परातीत पडेल म्हणून मी जेवायची नाही, असं आई पुढं हसून सांगायची. त्या वेळी तिला हसू येत नसणार.

नाना पेन्शनीत आले आणि घरात कुणाला कळेना की या माणसाचं आता काय करायचं. पहाटे उठून दाढी करायचे, बूट पुसायचे, आणि मग बूट घालून जायला जागा नसायची. शेत वाट्यानं दिलेलं. बोलायची सवय नव्हती. एकदा लोणंदला पलटणीतल्या जुन्या सोबत्याकडं गेले आणि परतीच्या गाडीनं एक करंडी घेऊन आले. करंडीवर ओलं पोतं. माजघरात ती टेकवून त्यांनी पोतं बाजूला केलं तर आत दोन ससे. एक पांढरा, लाल डोळ्यांचा. दुसरी राखी रंगाची मादी. तिला ते तिथल्या तिथं भुरी म्हणाले. नराला नाव मिळालंच नाही, तो नुसता नर.

आत्या म्हणाली, "कशाला आणली ही घाण, शिरपा?"

"पाळायला."

"पाळून काय करायचं? खानार हाईस?"

नानांनी ओल्या पोत्याची घडी घातली. मग म्हणाले, "बघायचं. बरं वाटतं."

बाहेर कुत्री, मांजरं, मुंगसं. म्हणून ससे मागच्या खोलीत राहिले. आणि महिन्याच्या आत ती खोली सगळ्या घरात पसरली. काळ्या मिऱ्यांसारख्या लेंड्या प्रथम जळणात सापडायच्या, मग घेवड्याच्या पोत्यापाशी, मग चुलीच्या बाजूला. त्यांचं मूत केशरी, दाट. ते जमिनीत मुरायचं आणि वाळल्यावर नाकात सुईसारखं शिरायचं. केस उडायचे. घेवड्याच्या आमटीवर तेलाचा तवंग यावा तसा त्या केसांचा थर मी स्वतः बोटानं काढलाय. नर मागच्या पायांवर उभा राहून भिंतीवर पिचकारी मारायचा. आणि सकाळी, ऊन दारातून आत येताना, दोघंही मान खाली घालून आपल्याच मागल्या बाजूनं काहीतरी मऊ ओलं तोंडात घ्यायचे आणि चघळायचे. ते काय आहे हे मला कळलं त्या दिवशी मी हुलग्याचं माडगं ओतून दिलं आणि दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहिले. ती जनावरं तसंच जगतात, त्यात त्यांची अन्नाची सोय आहे, हे आता माहीत आहे. माहीत असून किळस जात नाही.

पण सगळ्यांत जास्त छळलं ते उकरण्यानं. दुपारी घर निजलं की मागून आवाज सुरू व्हायचा, खर्र, खर्र, मग थांबायचा, मग परत. संध्याकाळी बघावं तर उंबऱ्यापाशी खड्डा, जात्यापाशी खड्डा, आईनं सकाळी सारवलेल्या जमिनीचे पापुद्रे निघालेले. आई शेण-माती कालवायची आणि बुजवायची. दुसऱ्या दिवशी तेच. आत्याला वाटायचं की ही जनावरं मुद्दाम करतात. "माज आलाय," ती म्हणायची. नानांना वाटायचं की त्यांना पळून जायचंय. मी म्हणायची, मेली तर बरं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना या वयातही माझा हात थोडा थांबतो. मागच्या खोलीत, जळणाच्या ढिगाआड, परसदाराच्या बाजूला एक कोपरा होता. तिथं एक पोतं, एक जुनी वाकळ आणि जर्मनचा एक तांब्या. घरातली बाई लांब बसायची झाली की तिनं तिथं बसायचं. भाकरी वरून टाकणार, पाणी वरून ओतणार. आई तिथं बसायची, आणि त्या वर्षापासून मीही बसायला लागले. माझ्या अंगातून येणाऱ्या त्या गोष्टीची मला इतकी शिसारी होती, की मला कोपऱ्यात टाकतात हे मला बरोबरच वाटायचं. आत्यानं सांगितलेलं, "तवा कशालाबी हात लावू नको, लोणचं नासतं." मी माझे हात मांडीखाली दाबून बसायची.

ससे मात्र कुणाला शिवायचं नाही हे जाणत नव्हते. मी कोपऱ्यात असले की तेही तिथं यायचे. दुसरं करायला काही नसल्यानं मी त्यांच्याकडं बघत बसायची, नाक पदरानं दाबून. आणि असं बघता बघता माझ्या ध्यानात आलं की दोघांचं उकरणं एक नव्हतं. नर कुठंही उकरायचा. चार ओरखडे इथं, चार तिथं, उन्हाच्या वेळी जास्त. मग त्या उथळ खड्ड्यात पोट टेकून पसरायचा, कारण वरची माती तापलेली आणि आतली गार. कधी कंटाळला की उगाच दाराशी नखं चालवायचा. भुरीचं तसं नव्हतं. ती एकाच ठिकाणी यायची. पुढच्या दोन पायांनी माती खणायची, मागच्या पायांनी ती लांब फेकायची, थांबायची, आत डोकं घालून हुंगायची, परत खणायची. आणि ते ठिकाण म्हणजे आमचा कोपरा. सगळ्या घरात तेवढीच जमीन मऊ होती. बाकीची धुमसानं ठोकलेली, वर्षानुवर्षं सारवून दगडासारखी झालेली. त्या कोपऱ्याला मात्र कुणी शेणाचा हात लावत नव्हतं. तिथं बसणारीनं सारवायचं नाही, आणि न बसणारीनं तिथं जायचं नाही.

आत्याच्या हे लक्षात आलं तेव्हा तिनं घरभर गोमूत्र शिंपडलं. ससे त्या कोपऱ्यातली माती पायाला लावून चुलीपाशी येत होते. देवापाशी येत होते. विटाळ घरभर चार पायांनी फिरत होता. ती स्वतः तिथं पाऊल टाकणार नाही. म्हणून माजघराच्या दारात उभं राहून सांगायची आणि नाना घमेल्यानं मुरूम आणून भुरीचं बीळ भरायचे, वर दगड ठेवायचे. भुरी शेजारी उकरायची. नाना तेही भरायचे. शेवटी आत्या म्हणाली, "खोक्यात घाल तिला, न्हाईतर मी काशीला जाते."

नानांनी फळ्यांचं खोकं केलं. बुडाला पत्रा ठोकला, म्हणजे खणता येणार नाही. काम चोख, कडा घासलेल्या, खिळे एका रांगेत. ते माजघराच्या दाराशी ठेवलं आणि भुरीला आत घातलं. ती पत्रा उकरायला लागली. पत्र्यावरच्या नखांचा तो आवाज दातात जायचा. जेवताना, भांडी घासताना, झोपताना, तो चालूच. आई एकदा म्हणाली, "आवं, तिच्या नखातनं रगात येतंय." नाना खोक्याजवळ जाऊन बसले, वाकून बघितलं, आणि उठून बाहेर गेले. आत्यापुढं बोलायची त्यांची रीत नव्हती. चीनच्या हद्दीवर राहून आलेला माणूस बहिणीपुढं लहान व्हायचा.

मग भुरीनं आपल्या छातीचे, पोटाचे केस तोंडानं उपटायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं खरूज झाली. आत्यानं तर तिच्या खोक्याभोवती राखेची रेघ मारली, की इकडं कुणी यायचं नाही. ते केस पत्र्यावर वाऱ्यानं इकडंतिकडं व्हायचे, ठरायला जागाच नव्हती. एका सकाळी आवाज थांबला. आई न्हाणीत होती. आत्यानं मला सांगितलं, "बघ जा, मेली वाटतं."

ती मेलेली नव्हती. मी फळी सरकवली. पत्र्यावर, तिच्या त्या केशरी मुतात, गुलाबी गोळे पडले होते. डोळे नसलेले, केस नसलेले, बोटाएवढे. गार पडलेले. एक अर्धाच होता. भुरीच्या तोंडाला रक्त होतं आणि ती दुसरा एक तोंडात धरून चावत होती, अगदी शांतपणे, पाला खाते तशी. मी परसात धावले आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली ओकले. पोटात काही उरलं नाही तरी ओकतच राहिले. त्यानंतर कित्येक दिवस मला वाटी पुढं आली की तो पत्रा दिसायचा.

आत्या दारातून म्हणाली, "राक्षीन हाय ती. सोताची पोरं खाल्ली. बाजारच्या दिवशी दिऊन टाक, शिरपा, खानाऱ्याला."

नाना हो म्हणाले. आई ओल्या केसांनी आली, खोक्यात बघितलं, तिनंही तोंडाला पदर लावला. पण ती लगेच मागं सरली नाही. बराच वेळ बघत राहिली. मग खोकं परसात नेऊन तिनंच धुतलं. मला बोलावलं नाही. धुताना ती दोनदा बाजूला जाऊन थुंकली, ते मी पाहिलं.

सांगलीतल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नातीला परवा समजावून सांगितलं, की सशाची मादी विण्याआधी जमिनीत बीळ करते, आत गवत नेते, आपले केस उपटून अंथरते. तिला जागा मिळाली नाही, भीती वाटली, तर मेलेली पिल्लं ती खाऊन टाकते, वासानं दुसरं जनावर येऊ नये म्हणून. आणि घरातले ससे उकरतात ते काही खोडी म्हणून नाही. खणणं त्यांच्या अंगातच आहे, खोकाभर माती द्या, कागद द्या. नातीनं डोळे मोठे करून ऐकलं. मीही तिच्या शेजारी बसून ऐकत होते. आमच्या घरी हे सांगायला कुणी नव्हतं. आईला मात्र ते कळलं होतं; कसं, हे मी तिला पुढं एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या टायमाला मलाबी त्याच कोपऱ्यात टाकल्याली. दिस भरल्यावर बाईला काय पायजे ती मला ठावं न्हाई व्हय?" एवढंच. माझा जन्म त्या जळणाआड झाला हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बाजारच्या दिवशी नानांनी भुरीला दिलं नाही. पाऊस आहे, म्हणाले; पुढच्या बाजारी बघू. पुढच्या बाजारी त्यांचा पाय दुखत होता. धुतलेलं खोकं परसातच पडून होतं, तोवर भुरी परत खोलीत मोकळी फिरू लागली होती, आणि महिनाभरानं एका दुपारी आम्ही सगळे माजघरात घेवडा सोलत असताना ती तोंडात वाळल्या गवताची मूठ धरून दारातून गेली. कोपऱ्यापाशी गेली. तिथं नानांनी ठोकलेला मुरूम आणि दगड. तिनं तोंडातलं गवत खाली ठेवलं, दगड उकरला, गवत परत तोंडात घेतलं, इकडं गेली, तिकडं गेली.

आईनं मांडीवरच्या शेंगा बाजूला केल्या आणि उठली. परसातून पहार घेऊन आली.

आत्या म्हणाली, "काय करतीस गं, हौसा?"

आईनं नाकाला पदर बांधला, कोपऱ्यात गेली, दगड उचलून बाजूला टाकले आणि पहार घातली. मुरूम निघाला, खालची काळी माती निघाली. उग्र वास आला, मूत आणि जुन्या ओलीचा, आणि मी तोंड फिरवलं. तिनं हातानं माती भुसभुशीत केली, भिंतीच्या कडेला आडवा एक बोगदा केला, कोपरभर आत.

"हौसा, भिंत पडंल. साप येत्याल."

"येऊ द्या."

"विटाळाची माती हाय ती. घरभर करतीस. भर ती. शिरपा, घमेलं आण, भर ते."

नाना घमेलं घेऊन आले. ते माजघराच्या दारात उभे राहिले, एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेली बायको, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. आई तिथूनच बोलली, आवाज न चढवता.

"वन्सं, हा कोपरा तुमी आमाला दिल्याला हाय. लगीन होऊन आले तवापासनं मी हितं बसते. आता माझी लेक बसती. दुसरं कुनी पाय ठिवत न्हाई. मग हितं काय करायचं ते आमी बघू. तुमाला मोडायचं आसंल तर आत या आन मोडा."

आत्या दारातच राहिली. कोपऱ्यात जायला तिला दोनच पावलं टाकायची होती. नानांनी घमेलं खाली ठेवलं, परसदाराकडं वळले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. आत्या बराच वेळ उभी होती. मग तिनं पदर सावरला आणि चुलीकडं गेली. तिची मला कणव आली, असं आज लिहायला आवडलं असतं. त्या वेळी तसं काही वाटलं नाही. आज मात्र समजतं, की त्या घरात शेत, माणूस, पोर यांतलं काहीच तिचं नव्हतं. काय चांगलं आणि काय घाण हे ठरवणं एवढंच तिच्याकडं होतं.

भुरी व्याली. केव्हा, ते कुणी पाहिलं नाही. बिळाचं तोंड मातीनं लिंपून बंद केलेलं दिसलं, आणि भुरी लांब पोत्यावर बसून पाला खात होती. दिवसभर तिकडं फिरकली नाही. नाना घाबरले, आत्या म्हणाली, "बघ, टाकली." पण तिन्हीसांजेला ती गेली, माती उकरली, आत शिरली, थोड्या वेळानं बाहेर आली आणि परत नीट लिंपून टाकलं, वर पाय मारून दाबलं. रोज असंच. आपला वास आपल्या पोरांपाशी रेंगाळू नये म्हणून ती दूर राहत होती. पुढं एकदा आईच्या सांगण्यावरून मी आत हात घातला. केसांचा मऊ गोळा, आणि त्याखाली ऊन ऊन, ओलसर, वळवळणारं काहीतरी. मी हात ओढून घेतला आणि राखेनं तीनतीनदा घासला. पण जिवंत होती सगळी.

आणि मग माझी लांब बसायची वेळ आली. संध्याकाळची जेवणं व्हायची होती. मी सवयीनं मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आईनं तव्यावरची भाकरी उलटत विचारलं, "तिकडं कुठं?"

मी आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "जाऊ दे की. तिची जागा हाय ती."

"तिथं जागा न्हाई," आई म्हणाली. "भुरी बाळंतीन हाय. तिला हालवायची न्हाई."

"मग दुसरा कोपरा दे."

"दुसरा कोपरा न्हाई घरात."

आईनं ताटं मांडली, चार. तिनं नानांच्या आणि आपल्या ताटामधे माझं ताट ठेवलं. मी उभीच होते. माझे हात मी पाठीमागं धरले होते. मला स्वतःचीच इतकी किळस येत होती, की त्या ताटापाशी जाऊन बसणं म्हणजे सगळ्यांच्या अन्नात हात घालण्यासारखं वाटत होतं. नाना माझ्याकडं न बघता बसल्या जागी थोडे सरकले, मला जागा व्हावी म्हणून. मागच्या खोलीतून तो वास येतच होता.

मी बसले. आत्यानं आपलं ताट उचललं, तांब्या घेतला आणि सोप्यात गेली. पुढं ते दिवस आले की ती तिथंच जेवायची, मरेपर्यंत. आईनं तिला अडवलं नाही आणि परत बोलावलंही नाही. तिनं माझ्या ताटात आमटी वाढली, बाजूला ठेचा ठेवला, आणि मी हात मांडीखाली दाबून बसलेली बघून म्हणाली, "हात काढ वर. जेव, गार व्हतंय."